कंट्रोलर केबिनमध्ये आहेत

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार, जात, लग्न यातलं काहीही विचारलं नाही. झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांनी एकदम प्रश्न टाकला, "देव मानता का?"

मी चाळीसगावहून नुकताच नाशिकला आलो होतो. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी लागली होती आणि एकट्या पोराला खोली द्यायला कोणी तयार नव्हतं. पंचवटीतल्या त्या बैठ्या बंगल्याच्या मागची खोली माझी शेवटची आशा होती. आत देवघर दिसत होतं, उदबत्तीचा धूर ओसरीपर्यंत येत होता, घरमालकांच्या कपाळाला गंध होतं. म्हणजे "हो" म्हणण्यातच शहाणपण होतं. पण शेजारच्या खुर्चीत एक उंच, किडकिडीत गृहस्थ पेपर वाचत होते आणि ते पेपरावरून माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की मला "हो" म्हणवेना.

"खरं सांगू का," मी म्हणालो, "तसा कधी विचार केला नाही."

घरमालकांनी टाळी वाजवली. "ऐकलंत ना सर? पंच मिळाला!"

मग मला चहा मिळाला आणि खुलासाही. शेजारच्या बंगल्यात राहणारे ते उंच गृहस्थ कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. पक्के नास्तिक. घरमालक तितकेच पक्के आस्तिक. दर रविवारी सकाळी या ओसरीवर दोघांचा वाद व्हायचा, विषय एकच, देव आहे की नाही. आणि निकाल द्यायला मधे एक निःपक्षपाती माणूस हवा, अशी दोघांची अट होती.

"मागचा भाडेकरू चांगला होता हो," घरमालक हळहळले. "पण वर्षाच्या आत आस्तिक झाला. सोमवारचे उपास करायला लागला. काढून टाकला."

"का? तुमच्याच बाजूचा झाला ना?"

"म्हणूनच! पंच एका बाजूला झुकला की जिंकण्यात काय मजा?"

घरमालकांना मी काका म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला काकू. प्राध्यापकांना सगळी कॉलनी "सर" म्हणत असे. सर काकांना "कंट्रोलर" म्हणायचे, कारण काकांनी उभा जन्म एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढला होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगणारा तो आवाज नाशिकच्या निम्म्या जिल्ह्याच्या कानात बसलेला होता. निवृत्तीनंतर माइक गेला, आवाज राहिला. सकाळी आंघोळीचं पाणी तापलं की काका मोरीच्या दारातून पुकारत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गरम पाणी लागलेले आहे." काकू आतून ओरडत, "अहो, हळू! चौकातले लोक टॉवेल घेऊन येतील."

त्यांची पूजाही एसटीच्या नियमानं चाले. देवघरात घंटा नव्हती. मोडीत निघालेल्या एका गाडीतली कंडक्टरची घंटी त्यांनी मिळवली होती आणि दोरीसकट भिंतीला ठोकली होती. पूजेला बसताना एक टोला, म्हणजे देवा, थांब. पूजा झाली की दोन टोले, म्हणजे जाऊ दे. "त्याला दिवसभर आपल्या देवघरात कशाला अडकवायचं?" ते म्हणायचे. "बाकीच्या गावांना सर्व्हिस नको का?"

एका रविवारी सरांनी त्यांना विचारलं होतं की देव असेल तर दिसत का नाही. काका जणू या प्रश्नाची वाटच बघत होते.

"सर, तुम्ही कधी स्टँडवर कंट्रोलर पाहिलाय? नाही ना? तो केबिनमध्ये असतो. लोक बाहेर उभे राहून म्हणतात, इथे कोणी आहे की नाही? गाडी वेळेवर सुटली तर ड्रायव्हर हुशार. उशीर झाला की कंट्रोलरला आईवरून शिव्या. माझं आयुष्य गेलंय, देवाची व्यथा मला विचारा."

सरांनी चष्मा पुसला. "कंट्रोलर, तुमच्या स्टँडवरून हरसूलची गाडी कधी वेळेवर सुटली होती?"

काकांनी झोपाळा थांबवला. हरसूलची गाडी हा त्यांचा हळवा कोपरा होता.

"म्हणजे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे," सर शांतपणे म्हणाले, "केबिन रिकामी होती."

त्या दिवशी मी निकाल सरांच्या बाजूनं दिला. काकांनी मुकाट्यानं शेंगा सोलून सरांपुढे ठेवल्या. हरणाऱ्यानं शेंगा सोलायच्या असा रिवाज होता. पण दुपारी मी कपडे वाळत घालत होतो तर काका मागच्या दारी आले आणि कुजबुजले, "हरसूलचा रस्ता घाटाचा आहे हो. दरड येते. त्याला कंट्रोलर काय करणार?" जणू मी वरच्या कोर्टाचा न्यायाधीश होतो.

काकांना नास्तिक माणसाचा राग मुळीच नव्हता. राग होता तो त्याच्या सुखी असण्याचा. "हे विदाऊट तिकीट प्रवासी," ते सरांकडे बोट करून मला सांगत. "खिडकीची जागा धरलीय, वारा खातायत, आणि म्हणतात ड्रायव्हर नाही. अहो, मग भीती तरी वाटू द्या!"

"भिऊन काय होणार?" सर म्हणत. "घाटातला देखावा चांगला आहे, तो बघतोय."

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचे, आणि तरी सकाळी दात घासताना शीळ घालायचे. मेल्यावर काही नाही, वर कोणी नाही, आणि माणूस शीळ घालतो, हे काकांच्या हिशेबात बसत नव्हतं. सरांच्या नास्तिकपणाची पुस्तकं ते मागून आणत, पेपराचं कव्हर घालून वाचत आणि देवघराच्या फळीखाली ठेवत. काकूंनी हरकत घेतली तर म्हणत, "त्यालाही कळू दे लोक काय बोलतात ते."

सरांचं एक लाडकं वाक्य होतं. "माणूस म्हणजे काय हो? बरंचसं पाणी, थोडा कोळसा, थोडा चुना, चिमूटभर मीठ, एखाद्या खिळ्यापुरतं लोखंड आणि काडेपेटीपुरता फॉस्फरस. बाजारात आणायला गेलात तर एक घमेलं भरणार नाही."

हे अनेकदा ऐकल्यावर एका सोमवारी काका सायकल काढून भद्रकालीच्या बाजारात गेले. परत आले ते घमेलं घेऊनच. त्यात कोळसा, कळीचा चुना, मिठाची पुडी, एक खिळा आणि काडेपेटी. एका हातात पाण्याची बादली. हे सगळं त्यांनी सरांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

"काय हे?" सरांनी विचारलं.

"माल. करा."

"काय करू?"

"माणूस करा. काही कमी पडलं तर सांगा, सायकल बाहेरच आहे."

सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "कंट्रोलर, निसर्गाला याला कोट्यवधी वर्षं लागली."

"लागू देत," काका पायरीवर बसत म्हणाले. "मी रिटायर आहे."

त्यानंतर कित्येक दिवस काका रोज सकाळी कंपाउंडवरून ओरडायचे, "सर, काही हललं का?" आणि सर शीळ थांबवून सांगायचे, "अजून नाही. धीर धरा." घमेलं हटवायचं कोणी, यावरून दोघांचा हट्ट. हटवील तो हरला. मधे एकदा काकूंनी वांगं भाजायला त्यातला कोळसा उचलून आणला, तर सरांनी माझ्याकडे तक्रार नोंदवली की प्रतिपक्षानं अर्ध्या झालेल्या माणसाचं भरीत केलं.

शेवटी गल्लीतली एक पिवळी कुत्री त्या घमेल्यात व्याली.

दोघंही माझ्या खोलीच्या दारात एकदमच पोचले. मी पहिल्या पाळीला निघालो होतो, अंगात एक बाही चढवलेली.

"जीव निर्माण झाला!" सर ओरडले. "घमेल्यात! कोणाच्या मदतीशिवाय!"

"माल कोणी दिला होता?" काका त्यांच्यावरून ओरडले. "पंच, माल कोणी दिला ते विचारा!"

मी निकाल कुत्रीच्या बाजूनं दिला. शेंगा दोघांनी सोलल्या. पिल्लांना दूध मात्र दोघं आपापल्या घरून आणत आणि एकमेकांना दिसणार नाही अशा वेळी पाजत.

दुधावरून आठवलं. पंच्याण्णव साली एके दिवशी देशभर गणपती दूध प्यायला लागला, तेव्हाची गोष्ट. पितृपंधरवडा चालू होता, आधीच खिरीसाठी दूध मिळेना, त्यात ही बातमी. आमच्या चौकात गणपतीचं छोटं देऊळ होतं. सकाळी आठ वाजल्यापासून तिथे रांग. बायका वाट्या घेऊन, पोरं चमचे घेऊन, एक जण तर किटलीच घेऊन उभा. कारखान्यात त्या दिवशी कोणी जागेवर नव्हतं, तेव्हा मीही परत आलो होतो.

मला वाटलं होतं काका रांगेत सगळ्यांत पुढे असतील. तर काका घरीच, झोपाळ्यावर, चेहरा लाल. काकू दुधाची वाटी घेऊन दारात उभ्या.

"मी जाणार नाही," काका म्हणाले. "आणि तुम्हीही जायचं नाही."

"अहो, पण सगळे जातायत. बाप्पा पितोय म्हणे."

"तो काय मांजर आहे?" काका इतक्या जोरात ओरडले की झोपाळा हलला. "माझ्या नोकरीत असेच लोक यायचे. कंट्रोलरला चहा पाजला की आपली गाडी लवकर लागते असं समजायचे. मी कधी कोणाचा चहा घेतला नाही. मी घेतला नाही, तर तो घेईल?"

तेवढ्यात देवळाकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही धावलो. झालं होतं असं, की सर चमचा घेऊन रांगेत उभे राहिले होते. आपला नंबर आल्यावर त्यांनी मूर्तीला हातही लावला नाही. गाभाऱ्याच्या दाराला लटकणारं पितळी कुलूप उचललं, चमचा त्याला टेकवला आणि दूध हळूहळू कुलपावरून ओघळून गेलं. मग वर्गात सांगावं तसं सगळ्यांना सांगितलं, "बघा, कुलूपसुद्धा पितंय. याला पृष्ठताण म्हणतात."

पृष्ठताण कोणालाच नको होता. दोन-तीन पोरांनी सरांचा शर्ट धरला होता, चष्मा खाली पडला होता, मागून कोणीतरी "हाणा रे त्याला" म्हणत होतं. मी गर्दीत घुसायचा प्रयत्न करत होतो तोच देवळाच्या भोंग्यातून खर्र आवाज आला आणि त्यामागोमाग तो जुना, जिल्हाभर ओळखीचा आवाज.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

सगळे थबकले. वर्षानुवर्षांची सवय. हा आवाज आला की माणूस आधी पिशवी उचलतो, मग विचार करतो.

"सकाळपासून गणपतीबाप्पा विनाथांबा दूध पीत आहेत. आता ते विश्रांतीसाठी थांबलेले आहेत. पुढील सूचना मिळेपर्यंत गाभारा बंद राहील. प्रवाशांनी आपापले सामान व मुले सांभाळून घरी जावे. उंच इसम आमच्या ताब्यात द्यावा."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कोणी, आणि सरांच्या शर्टावरचे हात सुटले. पुजाऱ्यालाही सकाळपासून जेवण नव्हतं. त्यानं संधी साधली, दार ओढलं आणि दूध प्यायलेलं तेच कुलूप दाराला लावलं.

घरी आल्यावर काकूंनी सरांच्या फुटलेल्या उजव्या कोपराला हळद लावली. सर म्हणाले, "उपकार झाले, कंट्रोलर. शेवटी तुम्हीही मान्य केलंत, मूर्ती दूध पीत नाही."

"पीत नाही असं कुठे म्हणालो?" काका खवळले. "त्यानं मनात आणलं तर पिऊ शकतो. पण पिणार नाही. त्याला काही स्वाभिमान आहे."

पुढे माझं लग्न झालं, मी इंदिरानगरला राहायला गेलो. पण रविवार सुटले नाहीत. बायको सुरुवातीला विचारायची, "दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात तुमचं काय काम?" एकदा तिला बरोबर नेलं, त्यानंतर तीच मला उठवायला लागली.

अशाच एका रविवारी सरांनी देहदानाचा अर्ज आणला. मेल्यावर शरीर मेडिकल कॉलेजला द्यायचं, कसलाही विधी करायचा नाही, दहावं-तेरावं नाही. साक्षीदार म्हणून काकांची सही हवी होती.

काकांनी अर्ज हातातही घेतला नाही. "अग्नी नाही? गोदागंगेचं पाणी नाही? सर, बाहेरगावाहून लोक रेल्वेनं अस्थी घेऊन आपल्या रामकुंडावर येतात. तुम्ही गंगेपासून चालत जायच्या अंतरावर राहून असं करणार?"

"मला कुठे जायचंय?"

"गती मिळणार नाही तुम्हाला!"

"मेल्यावर कसली गती? गाडी संपली."

"गाडी संपत नाही सर, डेपोत जाते."

"मग डेपो दाखवा."

"कर्मचाऱ्यांखेरीज इतरांस प्रवेश नाही!" काका गरजले.

पण सरांनी अर्ज पुढे धरूनच ठेवला. "कंट्रोलर, दुसऱ्या कोणाची सही मला नको. बाकीचे ऐन वेळी पलटतील. तुम्ही पलटणार नाही."

काकांनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. मग त्यांनी सही केली आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "साक्षीदार आहे, सहमत नाही." कॉलेजनं तो अर्ज परत पाठवला. सरांना सगळं पुन्हा भरावं लागलं.

सिंहस्थ होऊन गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी शीळ ऐकू आली नाही म्हणून काका कंपाउंड ओलांडून गेले. सर ओसरीवर खुर्चीत बसलेले, मांडीवर पेपर. काकांनी डॉक्टरला बोलावलं, कॉलेजला फोन लावला, सिन्नरला सरांच्या धाकट्या भावाला कळवलं, मग मला. मी पोचलो तेव्हा काका सरांच्या शेजारच्या खुर्चीत, रविवारी बसत तसे बसले होते.

सिन्नरहून भाऊ आला तो जीप भरून माणसं घेऊन. जीपच्या टपावर बांबू होते, एक गुरुजी होते, मडकं होतं. देहदानाचं ऐकल्यावर भाऊ रडायचा थांबला.

"आमच्या दादाला अग्नी नाय? पोरं चिरफाड करणार त्याची? गावात तोंड दाखवायला जागा नाय राहायची आमाला. काका, तुमी देवाधर्माचे, तुमी तरी सांगा यांना. लय चुकीचं हाय हे."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. मीही बघितलं. आता पारडं फिरणार असं मला वाटलं. काका एक शब्द बोलले असते, "चुकीचं आहे" एवढा, तरी बांबू खाली उतरले असते.

काका उठून उभे राहिले. खाकरले. आणि म्हणाले, "माणूस म्हणजे काय हो? बरंचसं पाणी, थोडा कोळसा, थोडा चुना."

मला वाटलं धक्क्यानं त्यांचं डोकं फिरलं. पण ते बोलत राहिले. सरांचा एकेक मुद्दा, सरांच्याच शब्दांत, सरांसारखाच चष्मा पुसत. जाळलं तर राख होईल आणि राख पाण्यात जाईल. कॉलेजात दिलं तर पोरं शिकतील, उद्या तुमच्या नातवाचं ऑपरेशन त्यातलाच एखादा करील. इतकी वर्षं जे मुद्दे त्यांनी दर रविवारी खोडून काढले होते, ते सगळे त्यांना तोंडपाठ होते. मी सरांना कधी इतकं चांगलं बोलताना ऐकलं नव्हतं.

भाऊ गोंधळून गेला. "म्हंजे तुमचा बी इश्वास नाय का देवावर?"

"आहे हो!" काकांचा आवाज फाटला. "म्हणून तर जीव तुटतोय माझा! तुम्हाला लोकांची काळजी आहे. मला याची आहे. हा आता कुठे जाईल, काय करील, मला माहीत नाही."

मग त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या वहिनी गेल्या तेव्हा तुम्ही होतात ना गंगेवर? या माणसानं टक्कल केलं. पिंड केले. कावळ्याची वाट बघत उन्हात उभा राहिला. का? त्याचा विश्वास होता म्हणून? वहिनींचा होता म्हणून. तेव्हा तो आपल्या मनाविरुद्ध वागला. आज आपण वागू."

भाऊ खाली बसला. गुरुजींनी मडकं हळूच जीपमध्ये ठेवलं. कॉलेजची गाडी आली, सरांना नेलं. काका रस्त्यापर्यंत गेले आणि गाडी वळेपर्यंत उभे राहिले.

पुढचे महिने वाईट गेले. काकांनी शब्द दिला होता, तेव्हा विधी करता येत नव्हता, आणि विधी केला नाही म्हणून चैन पडत नव्हती. दहाव्या दिवशी मी गेलो तर कंपाउंडच्या भिंतीवर पानात बाजरीची भाकरी आणि ठेचा ठेवलेला. सरांच्या आवडीचा.

"मी काही विधी करत नाहीये," मला बघताच काका म्हणाले. "उरलं होतं, ठेवलं."

कावळा अंगणातल्या पेरूच्या झाडावर बसला होता. खाली येईना. काका त्याला समजावत होते, "अरे, तसं काही नाही यात. नुसतं खा." कावळा मान वाकडी करून बघायचा आणि तिथेच बसायचा. काकू खिडकीतून म्हणाल्या, "सरांची काही इच्छा राहिली असेल. काहीतरी कबूल करा."

"काय कबूल करू? देव नाही म्हणून कबूल करू?" काका वैतागले. मग इकडेतिकडे बघून कावळ्याला हळूच म्हणाले, "बरं, हरसूलच्या गाडीपुरतं तुमचं बरोबर होतं."

कावळा उडून गेला. भाकरी बोक्यानं खाल्ली.

त्यानंतर काका खंगलेच. रविवारी मी जायचो, शेंगा खायचो, पण वादाला कोणी नव्हतं. एकदा मी सरांची बाजू घेऊन बोलायचा प्रयत्न केला, तर काका म्हणाले, "राहू द्या. तुम्हाला नास्तिकपणा नीट येत नाही." आणि मग, बऱ्याच वेळानं, "माणूस गाडीतून उतरला, आणि खाली स्टँडच नसेल, तर तो करील काय? नुसता उभा असेल हो कुठेतरी. कोणी पुकारतसुद्धा नसेल त्याच्यासाठी."

मी त्यांच्यासाठी शेंगा सोलायला घेतल्या.

दोन वर्षांनी कॉलेजनं देहदान केलेल्यांच्या नातेवाइकांना एका कार्यक्रमाला बोलावलं. भाऊ येणार नव्हता. त्यानं आमंत्रण काकांकडे पाठवून दिलं. काकांनी ठेवणीतला कोट काढला आणि मला सोबत घेतलं. दारातल्या टेबलावर एक बाई नावं लिहून घेत होत्या.

"मृतांशी नातं?"

काकांनी कोटाचं बटण लावलं. "प्रतिपक्ष."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मित्र लिहा."

भाषणं झाली, नारळ दिले. मग चहाच्या वेळी काही विद्यार्थी नातेवाइकांशी बोलायला आले. आमच्याकडे एक बारीकशी मुलगी आली. पेठ तालुक्यातली होती. काकांना वाकून नमस्कार करायला लागली तर काका मागे सरकले.

"तुम्ही आमच्या सरांवर शिकलात?"

"नाव नाही सांगत आम्हाला, आजोबा. कोण होते ते कळत नाही."

काकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या टेबलावर होते ते... उंच होते का?"

"खूप. पाय टेबलाच्या बाहेर यायचे."

"आणि उजव्या कोपरावर जुनी खूण?"

मुलीनं काकांकडे नीट बघितलं. "होती."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत? सुरी घेऊन एकदम..."

"नाही नाही!" ती घाईघाईनं म्हणाली. "वर दुसऱ्या मजल्यावर आमचा हॉल आहे, तिथे आधी सगळे ओळीनं उभे राहतो. हार घालतो, फुलं वाहतो. हात जोडून शपथ घेतो, की तुम्ही आमचे पहिले गुरू, तुमचा अपमान होईल असं काही करणार नाही. मग पायाला हात लावून नमस्कार करतो. त्याशिवाय सुरुवातच नाही करत."

"हार?"

"हो."

"सरांना?"

"हो. शेवंतीचा होता."

"उदबत्ती?"

मुलगी जराशी लाजली. "नियमात नाही. पण हॉल झाडणाऱ्या मावशी लावतात. वास असतो ना औषधाचा."

"आणि सरांनी," काका पुढे वाकले, "काही हरकत नाही घेतली?"

मुलीला काही कळेना. ती म्हणाली, "नाही, आजोबा."

काकांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतायत, म्हणून मी हात धरला, तर ते हसत होते. भिंतीला टेकून, कोटाच्या बाहीनं डोळे पुसत, शब्द फुटत नव्हता इतके हसत होते. निरोपसमारंभातसुद्धा ज्यांनी गळ्यात हार घालून घेतला नव्हता त्या सरांची, शास्त्र शिकायला आलेल्या पोरांनी, सरकारी टेबलावर, सगळी पूजा केली होती. हसता हसता ते खाली पायरीवर बसले. ती मुलगी बिचारी पाणी घेऊन आली.

"पास झालीस ना?" त्यांनी विचारलं.

"झाले."

"मग झालं," काका म्हणाले आणि आता त्यांनी तिला नमस्कार करू दिला.

रिक्षात त्यांनी नारळ मांडीवर धरून ठेवला होता. घरी पोचलो तेव्हा काकू फाटकातच उभ्या होत्या, काळजीनं. काकांनी नारळ त्यांच्या हातात दिला.

"गती मिळाली," ते म्हणाले.

"कोणाला?"

"सरांना."

काकूंनी नारळ कपाळाला लावला. "अगंबाई! कुठं?"

"दुसऱ्या मजल्यावर," काका म्हणाले. "जिन्यानं गेलं की डाव्या हाताला."